व्यसनमुक्ती कोणत्या भाषेत मिळते? आपल्या भागाचा दीडशे वर्षांचा इतिहास



दारू सोडवण्याच्या उपचारात तातडीच्या औषधांचा भाग साधारण आठ-दहा दिवसांचा असतो. हात थरथरणे, घाम येणे, झोप न लागणे, फिट येणे हे त्या दिवसांत आवरता येते. खरा उपचार त्यानंतर सुरू होतो आणि तो महिनोन्‌महिने चालतो. त्यात गोळ्या असतात, पण मुख्य असते ते बोलणे. पेशंट समुपदेशकाशी बोलतो, इतर पेशंटांसमोर बोलतो, बायको-मुलांशी पुन्हा बोलायला शिकतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची भाषा तुम्हाला आली नाही तरी डोळा बरा होतो. व्यसनाचे तसे नाही.

म्हणूनच माझ्याकडे येणारे दोन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. पहिला प्रश्न राईस मिलवाले, कंत्राटदार किंवा घरमालक विचारतात: "डॉक्टर, आमच्याकडे ओडिशाचा एक कामगार आहे, फार पितो. त्याला मराठी येत नाही, हिंदीही तोडकीमोडकी. त्याला कुठे न्यायचं?" दुसरा प्रश्न नेमका उलटा असतो: "आमचा भाऊ कामासाठी तेलंगणात गेला, तिथे व्यसन लागलं. तिथल्या डॉक्टरशी त्याला बोलताच येत नाही."

या प्रश्नांची उत्तरे लेखाच्या शेवटी दिली आहेत. पण त्याआधी थोडा इतिहास सांगतो. व्यसनी माणसाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न आपल्या भागात दीडशे वर्षे जुना आहे. तो जेव्हा नीट सुटला तेव्हा माणसे सुधारली. सुटला नाही तेव्हा माणूस नुसता कागदावर राहिला.

आपला जिल्हा किती भाषा बोलतो?

भंडारा जिल्हा मराठी, एवढे म्हणून आपण थांबतो. प्रत्यक्षात गावोगावी झाडीबोली आहे, तिच्यात 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. तुमसर-मोहाडीकडे घरात पोवारी बोलतात. गोंड कुटुंबांत गोंडी आहे, हलबा कुटुंबांत हलबीच्या खुणा आहेत. तुमसरच्या उत्तरेला बालाघाट जिल्हा लागतो, तिकडच्या नातेवाइकांशी हिंदी. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणी, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना या ठिकाणी देशभरातून माणसे आली. मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीतून जातो, त्यामुळे ढाब्यांवर पंजाबीपासून बंगालीपर्यंत सगळ्या भाषांचे ड्रायव्हर थांबतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. १९७२ मध्ये गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत झाली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली. म्हणजे आपल्या जुन्या जिल्ह्यात तिबेटी बोलणारे गावसुद्धा होते.

सरकारी कारभारातही ही सरमिसळ होती. जुन्या मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा चालत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत आजही डॉक्टर सहज हिंदी-मराठीत बोलतात, त्याचे मूळ इथे आहे.

पोलिसाचा कागद आणि 'गांजाचे वेड'

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. इंग्रजांच्या काळात अशा इस्पितळांच्या रजिस्टरमध्ये 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. त्यात पुष्कळ नावांपुढे 'गांजा' लिहिलेले असे. त्यावरून विलायतेत गांजाबंदीची मागणी झाली आणि १८९३ मध्ये सरकारने भारतीय भांग-गांजा आयोग नेमला. त्याचे एक सदस्य अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांतातलेच कमिशनर होते. कायदेशीर गांजाची शेती तेव्हा याच प्रांतात, खांडव्याकडे होत असे.

आयोगाने देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी एकेक करून तपासल्या. तेव्हा लक्षात आले की हे 'कारण' बहुतेक वेळा डॉक्टरांनी शोधलेलेच नव्हते. रुग्णाला पकडून आणणाऱ्या पोलिसाच्या कागदावर जे लिहिले होते तेच इस्पितळात उतरवून घेतले होते. पोलिसाने गावात विचारले, कोणी म्हणाले "गांजा पितो", त्याने लिहिले आणि पुढे त्याचेच इंग्रजी झाले. कागद तीन हातांतून गेला, पण रुग्णाशी त्याच्या भाषेत बसून कोणी बोलले नाही. १८९४ च्या अहवालात आयोगाने या आकड्यांवर विसंबता येत नाही असे स्पष्ट म्हटले.

सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण तोच प्रकार वेगळ्या रूपात आजही घडतो. परप्रांतीय कामगाराला ठेकेदार दवाखान्यात आणतो. "दारू पिऊन पडला साहेब" असे ठेकेदार सांगतो आणि केसपेपरवर तेच येते. त्याच्या डोक्याला मार लागला होता का, साखर उतरली होती का, मेंदूचा मलेरिया होता का, हे त्याला त्याच्या भाषेत विचारले जात नाही.

कीर्तनातली प्रश्नोत्तरे

दवाखान्यांना जे जमले नाही ते आपल्याकडे संतांनी केले. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांचे वडील दारूच्या पायी लवकर गेले. महाराजांचे कीर्तन अस्सल वऱ्हाडीत असे आणि त्याची पद्धत प्रश्नोत्तरांची होती. ते विचारत, लोक उत्तर देत. मग त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. शेवटी दारूने काय होते हे महाराजांना सांगावे लागत नसे, समोरचा माणूस स्वतःच्या तोंडाने ते म्हणालेला असे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांसाठी समुपदेशनाची एक पद्धत मांडली. उपदेश करायचा नाही, प्रश्न विचारायचे आणि व्यसन सोडण्याची कारणे पेशंटच्याच तोंडून येऊ द्यायची, हे तिचे सार. आज जगभर ती शिकवली जाते. गाडगे महाराज १९५६ मध्येच गेले. कीर्तन म्हणजे समुपदेशन असे मी म्हणत नाही, पण माणसाच्या घरच्या बोलीत विचारलेला प्रश्न किती खोल जातो हे त्यांना पक्के ठाऊक होते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) भाषेचा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवला. खंजिरीवरची त्यांची भजने मराठीत आहेत तशीच हिंदीतही आहेत. आपल्यासारख्या सीमेवरच्या भागात त्यामुळे मोहाडीच्या आणि बालाघाटच्या माणसाला व्यसनाविरुद्धचा तोच विचार आपापल्या भाषेत ऐकायला मिळाला.

नागपूरचे बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६) यांच्या 'परमात्मा एक' मार्गाचे सेवक आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. दारू सोडणे ही त्या मार्गाची पहिली अट. सेवकांच्या बैठकीत शेजारी, भाचा, जावई अशी ओळखीची माणसे आपल्याच बोलीत अनुभव सांगतात. या आधारावर दारूपासून वर्षानुवर्षे दूर राहिलेली माणसे तुम्हीही पाहिली असतील.

इथे डॉक्टर म्हणून एक सावधगिरीची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने शपथ घेऊन एका दिवसात दारू बंद केली तर धोका असतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे किंवा किडे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. शपथ जरूर घ्या, पण आधी डॉक्टरांना दाखवा.

इंग्रजीतून आलेली सभा

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या गावात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे 'एए' उभे राहिले. दारुड्याची भाषा दारुड्यालाच कळते, हे त्यांचे मूळ सूत्र. भारतात एए १९५७ मध्ये मुंबईत आले, इंग्रजी जाणणाऱ्या लोकांमधून. पुढे सभा हिंदीत, मराठीत, तमिळमध्ये होऊ लागल्या तसे हे काम वस्त्यांपर्यंत आणि कामगारांपर्यंत गेले.

ऐंशीच्या दशकात उपचार केंद्रेही निघाली. १९८० मध्ये चेन्नईत शांती रंगनाथन यांनी टीटीके केंद्राचा पाया घातला. १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरोधी कायदा आला आणि त्याच सुमारास केंद्र सरकारची व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देण्याची योजनाही सुरू झाली.

'गर्द' आणि मुक्तांगण

मराठीतले मोठे वळण मात्र पुण्याला आले. त्या काळी शहरांत ब्राऊन शुगरचा सुळसुळाट झाला होता. पोरांनी आणि विकणाऱ्यांनी तिला 'गर्द' हे नाव दिले. डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये बसून, त्यांचे बोलणे ऐकून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी केंद्र काढण्यासाठी मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. तिथल्याच एका इमारतीत २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले.

मुक्तांगणने काय केले? बाहेरून आलेली पद्धत मराठी घरात बसवली. पेशंट हा 'मित्र' झाला. बरे झालेले मित्रच कार्यकर्ते म्हणून नव्या पेशंटाशी बोलू लागले. पेशंटच्या बायकांचा 'सहचरी' गट झाला, आणि हा एक शब्द किती काम करतो पाहा. दारुड्याची बायको म्हणून मान खाली घालणारी बाई या गटात आपले दुखणे आपल्या भाषेत मांडू लागली. लोक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पुण्याला जाऊ लागले. सुनंदाताई १९९७ मध्ये गेल्या, काम चालू राहिले.

भंडाऱ्याचा माणूस मात्र एवढ्या लांब क्वचित जातो. गेला तरी त्याच्या झाडीबोलीला तिथे कोणी हसेल की काय या धास्तीने गटात गप्प बसतो, असे मला काही जणांनी परत आल्यावर सांगितले आहे. म्हणजे मराठी केंद्रातही भाषेची एक पायरी उरतेच. तिची खबर नातेवाइकांनी आधीच समुपदेशकाला दिली तर ती सहज ओलांडता येते.

शेजारच्या गडचिरोलीचा धडा

१९७३ च्या डिसेंबरमध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले, तेव्हा त्यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. ती येईपर्यंत पोट दुखते की छाती, हेसुद्धा कळत नव्हते.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च'चे रुग्णालय बांधण्याआधी गोंड लोकांना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे अशी आली की पांढरे कपडे आम्ही मेलेल्या माणसाला घालतो, मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातेवाइकांना थांबू देत नाहीत आणि तिथे आमचा देव नाही. मग झोपड्यांसारख्या खोल्यांचा, नातेवाइकांना राहता येईल असा दवाखाना झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. शब्द समजणे हा भाषेचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे इथे आपण परके नाही असे वाटणे.

गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. पण बंदीने दुकान बंद होते, व्यसन आपोआप बंद होत नाही. २०१६ मध्ये तिथे 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावातच व्यसन उपचार शिबिरे आणि तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक भरतात. पेशंटाने शहरात जाण्याऐवजी उपचार त्याच्या गावात जातो, आणि आपल्या माणसांत बसलेला पेशंट मोकळा बोलतो.

तिबेटी लोकांची वाटही अशीच आहे. त्यांच्यासाठी हिमाचलात धरमशाळेला 'कुनफेन' ही तिबेटी लोकांनीच चालवलेली संस्था काम करते. अंतर मोठे असले तरी आपल्या भाषेतला माणूस भेटावा म्हणून लोक दूरवर जातात.

शब्द चुकला की निदान चुकते

या सगळ्या इतिहासाचा आपल्या रोजच्या ओपीडीशी काय संबंध? तीन उदाहरणे देतो.

पहिले खर्ऱ्याचे. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आपल्याकडचा माणूस "नाही जी" म्हणतो आणि ते त्याच्या दृष्टीने खरे असते. तो खर्रा खातो. खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुनाच असतो, पण त्याच्या मनात ती वेगळी वस्तू आहे. छत्तीसगड-ओडिशाकडच्या बाया गुडाखू दातांना घासतात. तंबाखू आणि गुळाची ती पेस्ट त्यांच्या लेखी मंजन असते. आपल्याकडे काही जणी नस वापरतात. बाहेरून आलेला डॉक्टर फक्त 'तंबाखू' म्हणून थांबला तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका असलेला माणूस 'निर्व्यसनी' म्हणून घरी जातो.

दुसरे मापाचे. दारूचे प्रमाण ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, १९८९ ची. सहा देशांत अभ्यास करून ती बनवली. त्यात 'किती ड्रिंक' असे विचारतात. मोहफुलाची दारू पिणाऱ्याला ड्रिंक म्हणजे काय ते कळत नाही. त्याला किती रुपयांची, किती ग्लास, कोणत्या भट्टीची असे विचारावे लागते. १९८४ च्या 'केज' या जुन्या प्रश्नावलीत सकाळी 'आय-ओपनर' लागतो का असा प्रश्न आहे. तो शब्दशः भाषांतरित केला तर अर्थच हरवतो. "सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून थोडी घ्यावी लागते का?" असे विचारले की माणूस लगेच उत्तर देतो.

तिसरे उदाहरण जिवावरचे आहे. पूर्व विदर्भातून माणसे तेलंगणात मिरची तोडायला, बांधकामावर जातात. तिथे ताडीला 'कल्लू' म्हणतात. तिथल्या काही भागांत ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट अशी झोपेची औषधे मिसळली जातात. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने भेसळीवर कडक कारवाई केली आणि ती ताडी एकदम मिळेनाशी झाली. तेव्हा फिट, थरथर आणि विचित्र वागणे घेऊन असंख्य लोक दवाखान्यांत आले. असा माणूस गावी परत आला, दोन दिवसांनी त्याला फिट आली आणि त्याने सांगितले, "दारू नाही पीत, कल्लू पीत होतो." तर हा शब्द माहीत नसलेला डॉक्टर मिरगीचे औषध देऊन मोकळा होईल. म्हणून नातेवाइकांनो, तो तिकडे काय घेत होता त्याचे तिकडचे नाव, आणि शेवटचे कधी घेतले, हे दोन्ही नक्की सांगा.

भ्रमाचेही तसेच. दारू सुटताना झालेला भ्रम ओळखायला डॉक्टर विचारतात: आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात, हे कोण? भाषा येत नसेल तर पेशंट बरोबर बोलतोय की भलतेच बोलतोय हे कळत नाही. अशा वेळी सोबतच्या गाववाल्याला फक्त एवढेच विचारावे: "तो जे बोलतो आहे त्याला काही अर्थ आहे का?"

आता हा तुमचा हक्क आहे

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणती तरी मदत मिळाली होती. दवाखान्यात भरती होऊन उपचार १८० पैकी एकाला मिळाले. याची कारणे अनेक आहेत: अंतर, पैसा, लाज. भाषा त्यांपैकी एक आहे, आणि ती दूर करायला इमारत बांधावी लागत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही मानसिक आजारात मोडतात. आजार काय आहे, उपचार काय होणार याची माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने मिळणे हा त्याचा हक्क आहे. त्याची संमतीही अशीच समजावून घ्यायला हवी. न कळणाऱ्या भाषेतल्या फॉर्मवर नुसता अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. साखळीने बांधून ठेवण्यास या कायद्याने बंदी आहे.

केंद्र शोधताना काय करावे?

पहिली गोष्ट, उपचाराचे दोन टप्पे वेगळे करा.

पहिला टप्पा नशा शरीरातून उतरवण्याचा. यात भाषा नंतर, जीव आधी. जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. पुढे नागपूरला मेडिकल, मेयो आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फिट, भ्रम, ताप, रक्ताची उलटी यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा. "त्याला आपली भाषा येत नाही, गावी पाठवून देऊ" म्हणून अशा माणसाला रेल्वेत बसवून देऊ नका. दारू बंद झाल्यावरचा दुसरा-तिसरा दिवस त्याला एकट्याने प्रवासात काढावा लागेल, आणि नेमका तोच सर्वांत धोक्याचा असतो.

दुसरा टप्पा बोलण्याचा, महिनोन्‌महिन्यांचा. इथे भाषा आधी. प्रकृती स्थिर झाल्यावर, त्याचे कुटुंब जिथे आहे आणि त्याची भाषा जिथे बोलतात तिथले केंद्र शोधणे बहुतेक वेळा चांगले. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची चिठ्ठी द्या.

त्यासाठी दोन सरकारी क्रमांक:

• १४४४६ – व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. दुसऱ्या राज्यातले केंद्र शोधायचे असेल तर आधी इथे विचारा.

• १४४१६ – टेलि-मानस. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि २० भाषांत बोलता येते. तेलंगणातल्या भावाला मराठीतून बोलायचे असेल किंवा मिलवरच्या कामगाराला ओडियातून, तर हा चांगला मार्ग आहे. गोंडी किंवा पोवारीच सोयीची असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत हिंदी-मराठी येणाऱ्या माणसाने बसून फोन करावा.

केंद्राला फोन करताना हे विचारा:

१. तुमची नोंदणी मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली आहे का? डॉक्टर रोज येतात का?

२. समुपदेशकांना कोणत्या भाषा येतात? गटाच्या बैठका कोणत्या भाषेत होतात?

३. आमच्या माणसाच्या भाषेचा दुसरा कोणी पेशंट किंवा कार्यकर्ता सध्या तिथे आहे का? असा एक जण असला तरी फार फरक पडतो.

४. घरच्यांना भेटता येते का, फोन करता येतो का? 'महिनाभर कोणालाच भेटू देणार नाही' असे म्हणणाऱ्या ठिकाणाबद्दल जास्त चौकशी करा.

५. सुटी झाल्यावर फोनवर पाठपुरावा करता का आणि कोणत्या भाषेत?

दुभाषा लागणारच असेल तर तो कोण असावा याचाही विचार करा. लहान मुलांना दुभाषे करू नका. बापाच्या दारूच्या गोष्टी मुलीच्या तोंडून डॉक्टरांना सांगायला लावणे योग्य नाही. ठेकेदार किंवा मुकादम नको, कारण काम जाईल या भीतीने कामगार खरे सांगणार नाही. घरात मारहाण होत असेल तर नवऱ्यासाठी बायकोने किंवा बायकोसाठी नवऱ्याने दुभाषा होऊ नये. त्याच गावचा, वयाने मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा माणूस चांगला. त्याला आधीच सांगा की स्वतःचे काही घालू नकोस, काही गाळू नकोस, तो म्हणतो तेच सांग.

आणि पेशंटची भाषा कोणती हे ठरवताना शाळा कोणत्या भाषेत झाली ते विचारू नका. तो भांडतो कोणत्या भाषेत, रडतो कोणत्या भाषेत, ते पाहा. हिंदी बोलणारे पुष्कळ कामगार कामापुरती हिंदी बोलतात. "भाव काय, किती पोती" एवढे त्यांना येते. बायको सोडून गेली हे सांगायला तेवढी हिंदी पुरत नाही.

तुमच्या ओळखीत कोणी परक्या भाषेचा माणूस या त्रासात असेल, तर त्याच्या भाषेतले एक वाक्य आजच शिकून घ्या: "तुला बरं व्हायचं असेल तर मी सोबत येतो." उच्चार चुकला तरी चालेल. मग त्याला दवाखान्यात घेऊन या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका, आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)